धूर थंडीचा की इंजिनाचा?

डिसेंबर-जानेवारीत तासगाव तालुक्यातल्या कुठल्याही द्राक्षाच्या गावात, मणेराजुरीत म्हणा किंवा सावळजात, दिवस उजाडायच्या आत ट्रॅक्टरचे सेल्फ वाजायला लागतात. ऑक्टोबर छाटणीच्या बागांत घड फुगत असतात, भुरीचं भय डोक्यावर असतं आणि वारा उठायच्या आत ब्लोअरने औषध मारून व्हायला हवं असतं. मालक किल्ली फिरवतो. इंजिन खाकरतं, दोन-चार ठोके चुकवतं आणि धुराड्यातून पांढऱ्या धुराचा लोट बाहेर पडतो. तो वर चढत नाही. पत्र्याच्या शेडखालून, गोठ्यावरून सरपटत ओसरीपर्यंत येतो आणि घरातल्यांचे डोळे चुरचुरतात. कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं : “थंडीनं हाय ते. गरम झाला की जातंय.”

हे उत्तर निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यावर बरेच पैसे खर्च होतात, म्हणून ते नीट बघू.

आधी पाण्याचा हिशेब. पेट्रोल काय आणि डिझेल काय, दोन्ही कार्बन आणि हायड्रोजनची बनलेली. जळताना कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जाऊन पाणी तयार होतं. किती? एक लिटर इंधन जाळलं की साधारण एक लिटर पाणी. ऐकायला खोटं वाटतं, पण त्या पाण्याच्या वजनात मोठा वाटा हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचा असतो, त्यामुळे हिशेब बरोबर जुळतो. म्हणजे तासगावहून पुण्याला गेलेली मोटार वाटेत बादलीभर पाणी सांडत जाते. आपल्याला ते दिसत नाही, कारण सायलेन्सर तापलेला असतो आणि पाणी वाफ होऊनच बाहेर पडतं. पेट्रोल गाडीच्या धुरातली वाफ पन्नासेक अंशांच्या खाली उतरली की तिचे थेंब व्हायला लागतात. पहाटे सायलेन्सर बारा अंशांवर असतो. मग पहिली काही मिनिटं नळीतून पांढुरकी वाफ निघते आणि टोकाशी पाणी टपटपतं. नवी गाडी घेतलेला माणूस ते बघून घाबरा होतो आणि शोरूमला फोन लावतो. घाबरायचं काही कारण नसतं. इंधन व्यवस्थित जळत असल्याचीच ती खूण असते. ही वाफ डोळ्यांना झोंबत नाही आणि नळीपासून थोडी दूर गेली की हवेत विरून जाते.

शेडमधल्या ट्रॅक्टरचा धूर या जातीचा नाही. तो विरत नाही, डोळ्यांत जातो आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास येतो. ते डिझेलच असतं. न जळता, बारीक तुषार होऊन बाहेर पडलेलं.

ते का जळलं नाही, हे कळायला इंजिनाच्या पोटात डोकवायला हवं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली आउग्सबुर्गच्या कारखान्यात जे इंजिन चालवून दाखवलं, त्याला ठिणगी लागत नव्हती. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, ते सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. डिझेलने तोच गुण टोकाला नेला. हवा इतकी दाबायची की नुसत्या दाबाने ती तापेल आणि त्या तापल्या हवेत तेलाचा फवारा सोडायचा. काडी लावायचं कामच नाही. आजच्या ट्रॅक्टरचं इंजिन हवा सोळा-अठरा पट दाबतं आणि चालत्या इंजिनात ती पाचशे-सहाशे अंशांपर्यंत पोचते. डिझेल दोनशे ते अडीचशे अंशांच्या दरम्यान आपोआप पेट घेतं. कागदावर बघितलं तर फरक भरपूर आहे आणि बारा अंशांच्या पहाटेने त्यात काही बिघडायला नको.

पण कागद आणि लोखंड यात अंतर असतं. रात्रभर थंड पडलेल्या लायनरच्या भिंती आणि पिस्टनचा माथा हवेची उष्णता शोषून घेतात. सेल्फवर इंजिन सावकाश फिरतं, आणि सावकाश फिरतं म्हणून दाबलेल्या हवेला रिंगांच्या फटीतून खाली सटकायला वेळ मिळतो. हवा सटकली की दाब गेला, दाब गेला की ताप गेला. थंडीचा स्वतःचा वाटाही वाटतो त्याहून मोठा असतो. आत घेतलेली हवा दहा अंशांनी थंड असली, तर दाबल्यानंतरचं तापमान दहाच अंशांनी उतरत नाही, पंचवीस-सत्तावीस अंशांनी उतरतं. शिवाय तेल नुसतं पेटण्याजोगं तापून भागत नाही. सेकंदाच्या एका बारीकशा तुकड्यात फवाऱ्याची वाफ व्हायला हवी, ती हवेत मिसळायला हवी आणि पिस्टन खाली जायच्या आत पेटायला हवी. उशीर झाला की पिस्टन खाली जातो, हवा पुन्हा थंडावते आणि ते डिझेल तसंच धुराड्याची वाट धरतं.

आपल्या भागाला ही अडचण इंजिनाइतकीच जुनी. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. हे कूपर १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले, तेही थोड्याच महिन्यांपुरते. राजकारणातलं त्यांचं नाव आज फारसं कुणाला आठवत नाही, पण कूपरचं इंजिन म्हटलं की साताऱ्याकडच्या म्हाताऱ्यांचे डोळे अजून लकाकतात. इकडे तासगावच्या शेजारी, आताच्या पलूस तालुक्यात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. तिथून नांगर निघाले, मग पंप निघाले. पंप फिरवायला इंजिन लागतं. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीला उभी राहिली आणि पुढे विहिरीवरच्या इंजिनाला किर्लोस्करच म्हणायची सवय अनेक गावांना लागली.

त्या इंजिनांना सेल्फ नव्हता. हँडल होतं आणि व्हॉल्व्ह उचलून धरणारी एक कळ होती. कळ उचलली की सिलिंडरमध्ये दाब तयार होत नाही, त्यामुळे हँडल मारून जड चाकाला वेग देता येतो. चाकाने पुरेसा वेग घेतला की कळ पाडायची. मग चाकच आपल्या भाराने पिस्टन वर ढकलतं, हवा दाबली जाते आणि इंजिन ठोका देतं. थंडीच्या दिवसांत हे एकट्याचं काम राहत नसे. एक जण हँडल मारी, दुसरा कळीवर हात ठेवून बसे. तरीही इंजिन ऐकेना, तर हवा आत ओढणाऱ्या तोंडाशी तेलात भिजवलेला पेटता बोळा धरत. आत जाणारी हवाच गरम झाली की पहिला ठोका पडे. जुन्या माणसांची ही युक्ती शास्त्राला धरूनच होती. फक्त आजच्या गाडीवर ती करू नये. एअर फिल्टर कागदाचा असतो, तो पेटतो.

त्या पेटत्या बोळ्याचं काम आज हीटर करतो. बागेत चालणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरांच्या बऱ्याच इंजिनांत प्रत्येक सिलिंडरमागे एक हीटर प्लग असतो. किल्ली अर्धी फिरवून थोडं थांबायचं, तेवढ्यात त्याचं टोक लालबुंद होतं आणि फवाऱ्याला पेटायला जागा मिळते. थांबायचं असतं पाच-दहा सेकंद. नेमकं तेवढंच कुणी थांबत नाही.

समजा, तीन सिलिंडरचं इंजिन आहे आणि त्यातला एक हीटर जळालेला आहे. किल्ली फिरली. पहिला आणि तिसरा सिलिंडर पेटले, मधला पेटला नाही. इंजिन चालू तर झालं, पण लंगडतंय, बॉनेट थरथरतंय. मधल्या सिलिंडरमध्ये नोझल दर फेरीला डिझेल मारतच आहे. त्यातलं काही पांढरा धूर होऊन बाहेर येतं, काही लायनरवरचं ऑईल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं आणि ऑईल पातळ करतं. शेजारच्या दोन ठोक्यांनी ब्लॉक तापत जातो, मिनिटा-दोन मिनिटांत मधला सिलिंडरही पेट धरतो, आवाज एकसारखा होतो आणि धूर थांबतो. मालक म्हणतो, बघा, गरम झाल्यावर गेला की नाही! त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे, आणि जळालेला हीटर आणखी एक हंगाम तसाच राहतो.

चांगला मिस्त्री इथे दोनच गोष्टी करतो. इंजिन लंगडत असतानाच एग्झॉस्टच्या प्रत्येक फाट्यावर पाण्याचा थेंब टाकतो. ज्या फाट्यावर थेंब चर्रकन उडत नाही, तो सिलिंडर झोपलेला. किंवा नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून सैल करतो आणि कान देऊन ऐकतो. चालत्या सिलिंडरचं डिझेल तोडलं की इंजिनाचा आवाज पडतो. झोपलेल्याचं तोडलं तर काहीच फरक पडत नाही. (हे जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनावरच. नव्या कॉमन रेल गाड्यांच्या पाइपांत इतका प्रचंड दाब असतो की तेल कातडी फोडून आत घुसतं. तिथे हा प्रयोग म्हणजे दवाखान्याची वाट.)

आता मूळ प्रश्न. आपली थंडी खरंच एवढी थंड आहे का?

तासगावला हिवाळ्यात पारा पहाटे दहा-बारा अंशांवर येतो, एखादी कडक लाट आली तर आणखी थोडा खाली. द्राक्षाला हे बोचतं, त्यात शंका नाही. मण्यांची फुगवण मंदावते, पिंक बेरीची धास्ती लागते. नाशिककडे निफाडला पारा दोन-तीन अंशांवर उतरतो, तेव्हा तिथला बागायतदार रात्र जागून काढतो. पण द्राक्ष हा जीव आहे आणि इंजिन हे लोखंड. ट्रॅक्टरमध्ये आपण जे १५ डब्ल्यू ४० ऑईल घालतो, त्यातल्या पहिल्या आकड्याची कसोटी उणे वीस अंशांवर लागते. तितक्या गारठ्यातही ते सेल्फला इंजिन फिरवू देईल इतपत पातळ राहावं लागतं. आपला गारठा त्या कसोटीपासून तीस अंश लांब आहे.

खरी थंडी कशाला म्हणतात, ते लेह-लडाखला गाडी चालवलेल्या आपल्याकडच्या जवानांना विचारावं. सातारा-सांगलीतली अशी माणसं शोधायला फार लांब जावं लागत नाही. तिथे साध्या डिझेलमधलं मेण गोठतं, फिल्टर तुंबतो आणि टाकी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. म्हणून इंडियन ऑईलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल बाजारात आणलं. कॅनडातल्या विनिपेग किंवा एडमंटनला गेलेली आपली मुलं घरच्यांना फोटो पाठवतात, त्यात मोटारीच्या नाकातून विजेची वायर लोंबताना दिसते. रात्री गाडी प्लगला जोडून ठेवायची, म्हणजे ब्लॉक कोमट राहतो. अलास्कातल्या फेअरबँक्स गावात तर पारा उणे तीस-चाळीसच्या घरात गेला की गाड्यांच्या धुरातली वाफ क्षणात बर्फाचे कण होते आणि सगळं गाव त्या धुक्यात बुडून जातं. तिथल्या धुराला थंडीचं कारण शोभतं.

तेव्हा माझा निकाल असा. बारा अंशांवर ठणठणीत डिझेल इंजिनाने काही सेकंद, फार तर मिनिटभर पांढरा धूर सोडला तर त्याला माफ करावं. तीन-चार मिनिटं झाली तरी धूर चालूच असेल, तर तो थंडीच्या नावावर टाकू नये. हीटर गेलेला असेल, नोझल फवाऱ्याऐवजी धार मारत असेल, रिंगा-लायनर झिजून दाब कमी झाला असेल, किंवा पंपाचं टायमिंग मागे पडलं असेल. बॅटरी दमली असेल तरी हेच होतं, कारण सेल्फ हवा तितक्या वेगाने इंजिन फिरवत नाही. यातलं काहीही थंडीने केलेलं नसतं. उन्हाळ्यात झाकून राहिलेलं दुखणं थंडीत उघडं पडतं, इतकंच.

पांढऱ्या धुराचा एक प्रकार मात्र गरम झाल्यावरही जात नाही, आणि तो सगळ्यात महागाचा. हेड गॅसकेट फुटलं की रेडिएटरचं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं आणि दिवसभर वाफ येत राहते. कुलंट घातलेलं असेल तर त्या वाफेला गोडसर वास येतो. रेडिएटरमधलं पाणी कमी होतं, चालू इंजिनात तिथे बुडबुडे दिसतात आणि ऑईलची पट्टी ओढून बघितली तर ऑईल दुधाळ झालेलं असतं. (रेडिएटरचं झाकण उघडायचं ते गार इंजिनावरच, हे सांगायला नको, पण दरसाल कुणीतरी भाजतंच.) असं दिसलं तर गाडी पुढे एक किलोमीटरही रेटू नये. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये जास्त साठलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय. तो सकाळी एकदाच भक्कन येऊन बंद होत असेल, तर रात्रभर व्हॉल्व्ह सीलमधून थेंब थेंब ऑईल उतरलेलं असतं. रेस दिल्यावर, चढावर, ओझं असताना येत असेल तर रिंगा. पहिलं काम थोडक्यात निपटतं, दुसऱ्याला इंजिन खोलावं लागतं. जुन्या लुना किंवा राजदूतचा निळा धूर यात धरू नये. टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये ऑईल आपणच मिसळायचो. काळा धूर थंडीशी फारसा संबंध ठेवत नाही. तेल जास्त आणि हवा कमी, असा त्याचा साधा अर्थ. एअर फिल्टर झाडला की निम्मे काळे धूर तिथेच संपतात. पेट्रोलच्या जुन्या मोटारसायकलचा चोक ओढलेलाच राहिला तरी हेच होतं. धुराची हौसच असेल तर आपल्या तालुक्यात दसऱ्याला कवठे एकंद आहे. तिथल्या दारूकामाचा धूर बघायला लांबून लोक येतात, ट्रॅक्टरचा बघायला कोणी येत नाही.

धूर वर का जात नाही, याचा दोष मात्र पूर्णपणे थंडीला द्यायला हरकत नाही. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून गार पडते आणि तिला टेकलेली हवाही गार होते. वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. गार हवा जड, ती खालीच बसते, आणि तिच्यात सोडलेला धूर वरचा थर भेदून जाऊ शकत नाही. ऊन चढून जमीन तापेपर्यंत हे झाकण राहतं. याच कारणाने पहाटे चुलीचा, शेकोटीचा आणि ट्रॅक्टरचा धूर ओढ्याच्या कडेने एकाच उंचीवर पसरलेला दिसतो. थंडीच्या लाटेत बागेत पालापाचोळा पेटवून धूर करतात, तिथेही एक गैरसमज आहे. ऊब येते ती विस्तवाची. जमिनीतून निसटणारी उष्णता अडवण्याच्या कामी त्या धुराचा जवळजवळ काही उपयोग नाही. ओलं जाळून नुसता धूर करण्यापेक्षा पहाटे बागेला पाणी देणं जास्त कामाचं.

हे झाकण असतं म्हणूनच शेडमध्ये गाडी चालू ठेवून चहाला जाण्याची सवय वाईट. डोळ्यांना झोंबणारा धूर निदान कळतो. पेट्रोल गाडीच्या किंवा जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि बंद खोलीत तो झोपेतच माणूस नेतो. गाडीत धुराच्या वाटेवर बसवलेला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणजे सकाळची पहिली मिनिटं नव्या बीएस-सहा गाडीचा धूरही तुमच्या समजुतीइतका स्वच्छ नसतो.

आणि चालू केल्या केल्या रेस देऊ नका. एसटीचा ड्रायव्हर सकाळी स्टँडवर गाडी चालू ठेवून उभा असतो, त्यामागे ब्रेकसाठी एअर भरण्याचं कारण असतं. आपल्याला ते कारण नाही. थंड ऑईल टर्बोपर्यंत, वरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. त्याआधी दिलेली रेस म्हणजे कोरडं घासणं. उलट पंधरा-वीस मिनिटं नुसती स्लोवर सोडलेली गाडीही नीट तापत नाही, नोझलवर काजळी धरते. अर्धं-एक मिनिट थांबावं, मग हळू गिअरमध्ये बागेकडे निघावं. हलक्या कामावर इंजिन लवकर तापतं.

हंगाम संपल्यावर बेदाण्याचे पैसे हातात आले की जुने ट्रॅक्टर हात बदलतात. तुम्ही घेणारे असाल तर व्यवहाराला दुपारी जाऊ नका. पहाटे जा, न सांगता जा, आणि किल्ली मागायच्या आधी बॉनेटखाली हात घालून ब्लॉक थंड आहे का बघा. ‘तुमच्यासाठी चालू करून ठेवलाय’ म्हणत मालक तापलेला ट्रॅक्टर दाखवायला लागला, तर चहा घ्या, रामराम करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या.